‘पिशवी उलटी आहे’ असं ऐकल्यावर

पत्र पंचवटीतून आलं आहे. लिहिणारी २८ वर्षांची आहे आणि अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी करते. गेल्या वर्षी आठव्या आठवड्यात तिचा गर्भपात झाला. आता पुन्हा दिवस गेले आहेत, नववा आठवडा चालू आहे. परवाच्या सोनोग्राफीत ‘रेट्रोव्हर्टेड युटेरस’ असं लिहून आलं. डॉक्टर ‘काळजीचं काही नाही’ एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक गेली. घरी मात्र ‘पिशवी उलटी आहे’ अशी बातमी झाली. जाऊबाईंच्या मते मागचं मूल त्यामुळेच राहिलं नाही. सासूबाई म्हणतात, गेल्या वर्षीच्या रिपोर्टात पिशवी सरळ होती, म्हणजे मधल्या काळात स्कूटरच्या धक्क्यांनी ती फिरली. दिंडोरीकडे एक बाई पोट चोळून पिशवी जागेवर बसवते, तिच्याकडे जाऊन येऊ. सप्तशृंगी गडावर नवस फेडायला जायचं होतं, ते रद्द झालं. नवरा म्हणतो, नोकरी सोड आणि झोपून राहा. ‘बाळ अशा पिशवीत टिकेल का? सिझर करावं लागेल का? यातलं कुणाचं ऐकू?’ असं तिने विचारलं आहे. पत्राच्या अगदी शेवटी, सहीच्याही खाली, आणखी एक ओळ आहे: ‘मागच्या वेळी मी पाण्याने भरलेली बादली उचलली होती. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.’

पत्रात तू मला ताई म्हटलं आहेस, म्हणून एकेरीतच लिहिते. मी डॉक्टर नाही. २३ वर्षं प्रसूती विभागात सिस्टर होते. तुझ्या डॉक्टरांची जागा मला घ्यायची नाही, पण ज्या गोष्टी समजावून सांगायला त्यांच्याकडे त्या दिवशी वेळ नव्हता, त्या मी सावकाश सांगू शकते.

रिपोर्टचा फोटो सोबत जोडलास ते फार बरं केलंस. तुमच्या घरात त्या कागदावरची एकच ओळ वाचली गेली. मी बाकीच्याही वाचल्या. गर्भ एकच आहे आणि पिशवीच्या आत, जिथे असायला हवा तिथेच आहे. लांबी २४ मिलिमीटर, म्हणजे पाळीच्या तारखेप्रमाणे नवव्या आठवड्यात हवी तेवढी. हृदयाचे ठोके मिनिटाला १७२. मोठ्या माणसाच्या मानाने हा आकडा घाबरवतो, पण नवव्या आठवड्यात ठोके एवढे जलदच पडतात. आणि ज्या ओळीने घर हादरलं, त्या ओळीत ‘रेट्रोव्हर्टेड’च्या शेजारी ‘ग्रॅव्हिड’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ फक्त ‘गरोदर’ असा होतो. तू नाशिकची, म्हणून असं सांगते: तुझं बाळ आत्ता एका द्राक्षाएवढं आहे आणि या आठवड्यात जसं असावं तसं वाढतं आहे. घरच्यांना रिपोर्ट वाचून दाखवायचा असेल तर सुरुवात या ओळींपासून कर.

आता ती ओळ. गर्भाशय, म्हणजे आपण ज्याला पिशवी म्हणतो ती, गरोदर नसताना जेमतेम साडेसात सेंटिमीटर लांब असते. देठ खाली धरलेल्या छोट्या पेरूसारखी. तिच्या पुढे मूत्राशय, मागे गुदाशय, आणि त्याच्याही मागे पाठीच्या कण्याचं खालचं हाड. बहुतेक बायकांमध्ये या पेरूचा वरचा जाड भाग पुढे, मूत्राशयावर झुकलेला असतो. काहींमध्ये तो मागे, कण्याच्या बाजूला कललेला असतो. पुढे झुकलेलीला रिपोर्टात ‘अँटीव्हर्टेड’ लिहितात, मागे कललेलीला ‘रेट्रोव्हर्टेड’. साधारण पाच जणींमध्ये एकीची पिशवी अशी मागे कललेली असते. तुझ्या कारखान्यात लाइनवर वीस जणी असतील तर त्यात तिघी-चौघी तुझ्यासारख्या निघतील. त्यातल्या काहींना तर सोनोग्राफीची वेळच आली नसेल, त्यामुळे हे कधी कळलंही नसेल.

म्हणजे पिशवी उलटी झालेली नाही. तिचं तोंड जिथे असतं तिथेच आहे, फक्त डोकं पुढे झुकायच्या ऐवजी मागे टेकलेलं आहे. मला या ‘उलटी’ शब्दाचाच राग येतो. आपल्या भाषेत उलट या शब्दाला चांगलं काही चिकटलेलंच नाही. उलट्या काळजाचा माणूस, उलट बोलणारी सून, उलटलेला डाव. इंग्रजी रिपोर्टातला दिशा सांगणारा साधा शब्द घरी येईपर्यंत अपशकुन होऊन बसतो. डोक्यावरच्या भोवऱ्याचं आठव. कुणाचा भोवरा उजव्या अंगाला असतो, कुणाचा डाव्या, कुणाला दोन असतात. ज्याला दोन असतात त्याची दोन लग्नं होणार, असं आजही किती घरांत म्हणतात! शरीरात सगळ्यांसारखं नसलेलं काही दिसलं की त्याला भविष्य चिकटवायची आपल्याला सवय आहे. तुझ्या पिशवीच्या बाबतीत तेच झालं आहे.

तुझ्या पत्रातलीच एक गोष्ट तुला दाखवते, कारण गोंधळात ती तुझ्या नजरेतून निसटली असावी. जाऊबाई म्हणतात की मागचा गर्भपात पिशवी उलटी असल्यामुळे झाला. सासूबाई म्हणतात की गेल्या वर्षी पिशवी सरळ होती. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. गेल्या वर्षी पिशवी सरळ असताना गर्भपात झाला असेल, तर त्याचं खापर कलण्यावर कसं फोडायचं? तू दोन्ही ऐकलंस आणि दोन्हींचं ओझं घेतलंस.

मग दोन रिपोर्टांत दोन वेगळ्या गोष्टी का आल्या? तू लिहिलंस की गेल्या वेळी रक्तस्राव सुरू झाल्याने आतून सोनोग्राफी केली होती. ती मूत्राशय रिकामं करून करतात. यावेळी तू चार ग्लास पाणी पिऊन, लघवी रोखून तासभर बाकावर बसली होतीस आणि सोनोग्राफी पोटावरून झाली. भरलेलं मूत्राशय पिशवीला मागे ढकलतं. शिवाय पिशवी काही भिंतीला खिळ्याने ठोकलेली नसते. लवचिक बंधांच्या आधारावर ती तरंगल्यासारखी असते आणि मूत्राशय, आतडी भरतील-रिकामी होतील तशी थोडीफार हलते. एकाच बाईच्या दोन तपासण्यांत वेगळी दिशा दिसणं हे मी कित्येकदा पाहिलं आहे. स्कूटरचे धक्के, जिन्याच्या पायऱ्या, उंचावरून डबा काढणं, यांनी ती फिरत नाही.

गरोदरपणात या कललेल्या पिशवीचं पुढे काय होतं, ते माहीत असलं की निम्मी भीती जाते. आंबोळीचं पीठ पातेल्यात फुगायला लागलं की खाली बूड, बाजूंना भिंती. त्याला वरचीच वाट मिळते. पिशवीचंही तसंच. ओटीपोटाच्या हाडांच्या कड्यात ती वाढत जाते, तिथली जागा संपत येते आणि साधारण १२ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान ती आपोआप वर पोटात येते. पुढे झुकलेली असो वा मागे कललेली, दोघींची वाट तीच. एकदा ती वर आली की मूळची कोणत्या दिशेला होती हा प्रश्नच उरत नाही. म्हणून बाळ टिकेल का या प्रश्नाला माझं उत्तर असं: पिशवी मागे कललेली आहे एवढ्याच कारणाने ते जाणार नाही. आणि सिझरचाही कलण्याशी संबंध नाही. शेवटच्या महिन्यात बाळाचं डोकं कुठे आहे, वार कुठे आहे, तुझं ब्लडप्रेशर काय म्हणतं, कळा कशा येतात, यावर ते ठरतं.

तोपर्यंत, म्हणजे येत्या तीन-चार आठवड्यांत, काही गोष्टी तुला वेगळ्या जाणवतील. कंबर आणि माकडहाडाकडचा भाग जड वाटेल, बद्धकोष्ठ होईल. मैत्रिणींचं पोट दिसायला लागलं तरी तुझं दिसणार नाही, आणि कुणीतरी ‘वाढ होत नाही वाटतं’ असं म्हणेलच. सुरुवातीच्या आठवड्यांत पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत मागे कललेल्या पिशवीतलं चित्र कधी कधी धूसर येतं, कारण ती पोटाच्या भिंतीपासून लांब असते. तेव्हा डॉक्टर आतून सोनोग्राफी करायला सांगतात. पुष्कळ जणी त्याला घाबरून नाही म्हणतात, किंवा घरचे ‘मागच्या वेळी आतून केली आणि मग पडलं’ असा संबंध जोडतात. तुझ्या बाबतीत रक्तस्राव आधी सुरू झाला होता, सोनोग्राफी नंतर झाली. त्या तपासणीने गर्भाला इजा होत नाही. गरज पडली तर न घाबरता हो म्हण.

आता मात्र लक्ष देऊन वाच, कारण मला तुला एवढं एकच सांगायचं असतं तर हेच सांगितलं असतं.

क्वचित, साधारण ३,००० गरोदरपणांत एखाद्या वेळी, ही पिशवी वर यायच्या ऐवजी कण्याच्या पुढे आलेल्या हाडाखाली अडकून बसते. बाळ वाढतं, पिशवी वाढते, पण वर यायची वाट सापडत नाही. मग पिशवीचं तोंड पुढे आणि वर ओढलं जातं आणि लघवीच्या नळीवर दाब येतो. माझ्या नोकरीतली एक बाई मला अजून आठवते. चौथा महिना सरत आला होता. दोन दिवस लघवी थेंब थेंब होत होती. घरच्यांना वाटलं उन्हाळी लागली, म्हणून त्यांनी धण्या-जिऱ्याचं पाणी पाजलं, सब्जा दिला. मायेनेच दिलं. पण जितकं पाणी पोटात गेलं तितकं मूत्राशय फुगत गेलं. आमच्याकडे आणलं तेव्हा तिचं पोट सहा महिन्यांचं दिसत होतं आणि तिला धड बसताही येत नव्हतं. नळी घातल्यावर लिटरभराहून जास्त लघवी निघाली. नळी काही दिवस ठेवली, डॉक्टरांनी तिला गुडघे आणि छाती टेकून ठरावीक वेळ पडून राहायला शिकवलं, आणि पिशवी वर आली. पुढे दिवस भरून तिची साधी प्रसूती झाली. तिला आणखी आठवडाभर घरी ठेवलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मला आजही नको वाटतो.

म्हणून फरक ओळखायला शिक. उन्हाळी लागते तेव्हा जळजळ होते, सारखं जावं लागतं, पण लघवी होते. त्यालाही गरोदरपणात घरगुती उपायांवर थांबायचं नाही, लघवी तपासून औषध घ्यायचं. पण दुसरी गोष्ट वेगळी आहे. लघवी लागली आहे, बसलीस, आणि होतच नाही. किंवा थेंब थेंब गळत राहते आणि मोकळं झाल्यासारखं वाटत नाही. ओटीपोट ताठ होतं, दुखतं. असं झालं, विशेषतः १२ ते १६ आठवड्यांच्या काळात, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखान्यात जायचं. वाहन नसेल तर १०८ ला फोन करायचा. आणि तिथे गेल्यावर पहिल्या वाक्यात सांगायचं: ‘माझी पिशवी रेट्रोव्हर्टेड आहे आणि मला लघवी होत नाही.’ हे वाक्य नवऱ्यालाही पाठ करायला लाव. रक्तस्राव, न थांबणारी पोटदुखी, चक्कर येऊन पडणं, ताप, यासाठीही थांबायचं नाही. ते प्रत्येक गरोदर बाईला लागू आहे.

यातून रोजची एक सवय निघते, ती म्हणजे लघवी रोखायची नाही. लिहायला सोपं आहे, मला कल्पना आहे. कारखान्यात लाइन सोडून जाताना सुपरवायझरकडे बघावं लागतं, बाहेर निघालं की स्वच्छ जागा सापडत नाही, म्हणून आपल्या बायका सकाळपासून पाणीच कमी पितात. मुंबईला निघालेली बाई कसारा उतरेपर्यंत कळ काढते आणि त्याबद्दल कुणाशी बोलतही नाही. याचा मला मनापासून त्रास होतो. निदान या दोन महिन्यांत तू हे करू नकोस. दर दोन-तीन तासांनी, लागली नसली तरी, जाऊन ये. झाल्यावर लगेच उठू नकोस. थोडी पुढे वाकून बस आणि पुन्हा एकदा प्रयत्न कर, म्हणजे मागे राहिलेलीही निघून जाते. बद्धकोष्ठासाठी भाकरी, पालेभाजी, फळं, भरपूर पाणी. सुपरवायझरला कारण सांगायचं नसेल तर डॉक्टरांकडून दोन ओळींची चिठ्ठी घे.

दिंडोरीकडच्या त्या बाईंबद्दल. जाऊ नकोस. यात मी मधला मार्ग सुचवणार नाही. नवव्या आठवड्यात पिशवी अजून हाडांच्या कड्याच्या आत असते. बाहेरून पोट चोळून ती हाताला लागतही नाही, मग सरळ कशी होणार? जोर लावला तर त्रास मात्र होऊ शकतो. ‘अमकीची सरळ केली आणि तिला मूल झालं’ अशा गोष्टी खोट्या नसतात. तिचीही १४ आठवड्यांत आपोआप वर आली असती, श्रेय चोळणीला मिळालं एवढंच. व्हिडिओ बघून पाय वर करण्याची आसनंही सुरू करू नकोस. काही जणींना डॉक्टर ठरावीक पद्धतीने पालथं पडायला सांगतात, पण ते तपासून सांगतात.

आणि या विचारासाठी सासूबाईंना कमी लेखू नकोस. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पाश्चात्त्य डॉक्टरांचीही हीच समजूत होती. कंबरदुखी, थकवा, मूल न होणं, सगळ्याचं मूळ मागे कललेल्या पिशवीत आहे असं मानून ते पोट उघडून ती पुढे बांधून टाकत. ती पुढे टेकवून ठेवण्यासाठी आत कड्याही बसवत. हॉज नावाच्या अमेरिकन डॉक्टरच्या नावाची कडी तर अजूनही ओळखीची आहे. पुढे लक्षात आलं की पिशवी पुढे झुकलेल्या बायकांचीही कंबर तेवढीच दुखते, आणि त्या शस्त्रक्रिया मागे पडल्या. शिकलेल्या माणसांना हे समजायला इतकी वर्षं लागली, तिथे सासूबाईंना एका दिवसात कसं पटावं? त्यांच्याशी वाद घालू नकोस. पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत घेऊन जा आणि त्यांचा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू दे. सुनेच्या तोंडून ऐकलेलं आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं यात फार फरक पडतो. त्यांचे हात शिवशिवत असतील तर त्यांच्याकडून पायांना आणि डोक्याला तेल लावून घे. तुलाही आत्ता ते हवंच असेल.

गडावर जायचं असेल तर १४ आठवड्यांनंतरच्या तपासणीत सगळं ठीक निघाल्यावर जा. वर जायला ट्रॉली आहे, पायऱ्या चढायच्या नाहीत. वाटेत थांबत जा, आणि का थांबायचं ते आता तुला माहीत आहे.

नवऱ्याचं म्हणणं मला सगळ्यात अवघड वाटतं, कारण ते प्रेमाने केलेलं आहे आणि पहिल्यांदा ऐकताना शहाणपणाचंही वाटतं. पण झोपून राहिल्याने गर्भपात टळतो असं आढळलेलं नाही. उलट दिवसेंदिवस पडून राहिलं की स्नायू सैल पडतात, बद्धकोष्ठ वाढतं, पायांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो आणि डोक्यात विचारांखेरीज काही उरत नाही. पिशवी कललेली असणं हे नोकरी सोडण्याचं कारण नाही. मळमळ, थकवा किंवा तिथलं जड काम हे काही दिवस रजा घेण्याचं कारण असू शकतं. तो निर्णय वेगळा आणि तो तुझा. राजीनामा देण्याआधी हिशेबही कर. वर्षभरात किमान ८० दिवस काम झालेलं असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी कायद्याने २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते. आत्ता नोकरी सोडलीस तर ती हातची जाईल. स्कूटरने पिशवी फिरत नाही हे वर सांगितलंच, पण द्वारका, मुंबई नाका, पाथर्डी फाटा या रस्त्यावर घाईच्या वेळी घसरून पडण्याची भीती खरी आहे, आणि मळमळत असताना गाडी चालवणं कठीणच. नवरा सोडणार असेल किंवा सिटीलिंकची बस जमणार असेल तर तसं कर. कारण रस्ता आहे, पिशवी नव्हे, हे मात्र दोघांनीही लक्षात ठेवा.

जाऊबाईंनी त्यांच्या बहिणीचं उदाहरण दिलं, तिला ‘पिशवीला टाका घालावा लागला’ म्हणून. इथे जरा थांबते, कारण हा गोंधळ मी वर्षानुवर्षं वॉर्डात ऐकला आहे. आपल्याकडे ‘पिशवी’ या एका शब्दाखाली पाच-सहा वेगवेगळी दुखणी येतात. टाका घालतात तो पिशवीचं तोंड वेळेआधी उघडत असेल तर. ‘अंग बाहेर येणं’ म्हणजे आधार सैल होऊन पिशवी खाली उतरणं; ते बहुतेक वेळा बाळंतपणं झालेल्या, वयाने मोठ्या बायकांमध्ये दिसतं. ‘वार खाली आहे’ म्हणजे वार पिशवीच्या तोंडाजवळ चिकटलेली असणं, त्यात खरोखरच जपावं लागतं. बाळ पायाळू किंवा आडवं असणं हे बाळाचं आहे, पिशवीचं नाही. यातलं कुठलंही तुझ्या रिपोर्टात नाही. पुढे कुणी ‘आमच्या अमकीचंही असंच होतं’ असं सांगू लागलं तर आधी विचार, नेमकं काय होतं?

डॉक्टरांनी दोन मिनिटांत बाहेर पाठवलं याचं तुला वाईट वाटलं, ते योग्यच आहे. त्यांचं उत्तर बरोबर होतं, पण घाबरलेल्या बाईला ते पुरेसं नव्हतं. पुढच्या वेळी कागदावर लिहून ने. पिशवी नुसती कललेली आहे, की मागे चिकटलेली वाटते? १३-१४ आठवड्यांना ती वर आली का, हे तुम्ही तपासणार का? लघवी अडली तर रात्री कुठे फोन करायचा? पहिला प्रश्न मुद्दाम लिहिते आहे. आधी पोटाची शस्त्रक्रिया किंवा ओटीपोटात जंतुसंसर्ग झाला असेल, पिशवीत गाठी असतील, किंवा एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या आतल्या अस्तरासारखा थर पिशवीच्या बाहेर वाढणं) असेल, तर पिशवी मागे चिकटून बसलेली असू शकते आणि अशा बाईवर जास्त लक्ष ठेवावं लागतं. पाळीत तू अंथरुणातून उठू शकत नव्हतीस, असं तू ओझरतं लिहिलं आहेस. ते डॉक्टरांना सांगितलंस का? नसेल तर सांग. अजूनही समाधान झालं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला संकोच नको. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत सुरक्षित मातृत्व अभियानाखाली चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायकांची मोफत तपासणी होते, तिथेही दाखवता येईल.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या मैत्रिणींसाठी दोन शब्द. मूल होत नाही आणि रिपोर्टात ‘रेट्रोव्हर्टेड’ आलं, तर एवढ्यावरून तेच कारण धरून बसू नका. संबंधानंतर पाय वर करून पडून राहायचीही गरज नाही. संबंधाच्या वेळी खोलवर दुखत असेल तर ते मात्र डॉक्टरांना सांगा. आणि बाळंतपणानंतर तांबी बसवायला जाल तेव्हा आपली पिशवी मागे कललेली आहे हे आधी सांगा, कारण तांबी बसवणाऱ्या व्यक्तीला ती दिशा माहीत असणं गरजेचं असतं.

आता तुझी शेवटची ओळ. सगळं पत्र पिशवीबद्दल आहे, पण मला वाटतं ते तू त्या ओळीसाठी लिहिलंस. वर्षभर तू बादली मनात वागवते आहेस. पिशवी उलटी आहे हे ऐकून तुला भीती वाटली, आणि कदाचित थोडं हायसंही वाटलं असेल, की बादली नव्हे, दुसरं काहीतरी कारण निघालं. मग स्कूटरचं नाव आलं आणि पुन्हा सगळं तुझ्याच अंगावर आलं. सुरुवातीच्या आठवड्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भपातांत गर्भाच्या गुणसूत्रांची जुळणीच चुकलेली असते. ते गर्भ राहतानाच ठरलेलं असतं, आईला दिवस गेल्याचं कळायच्याही आधी. एका भरलेल्या बादलीने नीट वाढणारा गर्भ पडत नाही. पडत असता तर सकाळी नळ आल्यावर हंडे भरणाऱ्या आपल्या आया-आज्यांना मुलंच झाली नसती. मी हे तुझी समजूत काढायला म्हणत नाही. असं नसतं तर मी बादलीबद्दल गप्प राहिले असते.

एकदा गर्भपात झालेल्या बहुतेक बायकांचं पुढचं गरोदरपण नीट पार पडतं. पण हे ऐकून तुझी रात्र लगेच शांत जाईल असं मला वाटत नाही. आठवा आठवडा ओलांडलास तेव्हा तू किती वेळा बाथरूममध्ये जाऊन कपडे तपासले असशील, ते न सांगता कळतं. म्हणून ही गोष्ट आणखी एकट्याने धरून बसू नकोस. आज जेवणं झाल्यावर नवऱ्याला गच्चीवर घेऊन जा आणि सांग. मागच्या वर्षी त्याचंही मूल गेलं होतं. त्यानेही कदाचित मनात काहीतरी दडवून ठेवलं असेल. आणि सध्या सकाळचं पाणी भरायचं काम त्याच्याकडे दे. बादलीने काही होतं म्हणून नव्हे, तुला सकाळी मळमळतं म्हणून.